तारोडीच्या बायकांना जवळा शिकवायला

पुण्याला समुद्र नाही, ही अडचण आमच्या विभागाला कधी जाणवली नाही. सुक्या मासळीचा घरगुती वापर कसा वाढवावा याचा विचार करणारी चार टेबलं तिथे होती आणि खिडकीपासून सर्वांत लांबच्या टेबलाशी मी बसत असे. एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. मी गृहविज्ञान शिकलेली, तिशीतली, हंगामी नोकरीवरची बाई, आणि जन्मात मासळी तोंडात न घातलेली. यातली शेवटची गोष्ट माझ्या नेमणुकीच्या आड आली नाही. उलट त्यामुळे माझी दृष्टी निःपक्षपाती राहील, असं साहेबांचं मत पडलं.

विभागाने एक पुस्तिका छापली होती. मलाया, जपान, बंगाल, केरळ अशा ठिकाणी सुकी बारीक मासळी कशी रांधतात, ते सांगणारे एकवीस पदार्थ तीत होते. साहेबांनी कुठून तरी इंग्रजीत टंकलेले कागद आणले आणि मी त्यांचं मराठी केलं. मूळ कागदांत माशांची निरनिराळी नावं होती. शब्दकोशात ती सापडेनात, म्हणून मी सगळ्यांना सरसकट 'बारीक सुकी मासळी' म्हटलं. भाषांतर वाचून साहेब म्हणाले की तोंडाला पाणी सुटलं. साहेबही शाकाहारीच होते.

आता हे एकवीस पदार्थ कुणाला तरी शिकवायला हवे होते. विभागाने बराच विचार करून भाईंदरजवळच्या तारोडी या कोळ्यांच्या गावाची निवड केली. म्हणजे जिथल्या बायका चालायला लागल्यापासून मासळी सुकवतात, तिथे जाऊन मी त्यांना सुक्या मासळीचं काय करायचं ते सांगणार होते. शेवटी एका कागदावर त्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्यायचे होते. अहवाल चांगला आला तर माझी नोकरी कायम होईल, असंही साहेबांनी जाता जाता सांगितलं. एप्रिलमधल्या एका सकाळी मी स्टोव्ह, पातेली आणि पन्नास पुस्तिकांचा गठ्ठा घेऊन निघाले.

भाईंदर स्टेशनावर विभागाचे तिकडचे शिपाई सावंत मला उतरवून घ्यायला आले होते. ते मूळचे रत्नागिरीकडचे, गेली काही वर्षं भाईंदरला पूर्वेच्या बाजूला एका खोलीत राहत होते. स्टेशनाबाहेर पडल्यावर पहिल्यांदा दिसली ती मिठागरं. उन्हात पांढरे ढीग एकापुढे एक मांडलेले, आणि मधून चकाकणारं पाणी. मी सावंतांना म्हटलं की फार सुंदर दिसतं. ते म्हणाले, "लांबून बघतोय आपण, म्हणून." मिठात काम करणाऱ्यांचे पाय कसे फुटतात ते त्यांनी मग वाटभर सांगितलं. सौंदर्याचा विषय तिथेच संपला.

मुक्काम त्यांच्याकडेच होता. सावंतवहिनी शेजारणीशी हिंदीत, दुकानदाराशी मोडक्या गुजरातीत आणि माझ्याशी अतिशय शुद्ध मराठीत बोलत होत्या. मी पुण्याची असल्यामुळे त्यांना ते कष्ट पडत होते. जेवायला त्यांनी मला वरणभात वाढला आणि स्वतःच्या घरच्यांसाठी एका बाजूला सुकटीची, म्हणजे सुक्या बारीक कोलंबीची, चटणी केली. तव्यावर कोरडी भाजलेली सुकट, लाल मिरची, ओलं खोबरं आणि दोन आमसुलं, सगळं पाट्यावर जाडसर वाटलेलं. घरभर असा वास सुटला की मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. वहिनींनी ते पाहिलं. त्यांनी चटणीवर ताटली झाकली आणि माझ्या समोर कुणी ती घेतली नाही. मी मनात म्हटलं, किती समजूतदार माणसं आहेत. आपल्यामुळे एका घराचं जेवण फुकट गेलं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

निजण्याआधी वहिनींनी पुस्तिका चाळली आणि जपानी सुपाच्या पानावर थांबून मला विचारलं की यात मीठ-मिरची काहीच कसं नाही. मी म्हटलं, जपानी लोक तसंच खातात. "खात असतील बापडे," असं म्हणून त्यांनी पुस्तिका मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पश्चिमेहून उत्तनची एसटी धरली. एसटीने मुर्धा ओलांडलं आणि राई गावात शिरताच धूर सोडून उभी राहिली. ड्रायव्हर खाली उतरला, इंजिनाकडे बघून बिडी पेटवून बसला, तेव्हाच सावंतांनी माझा स्टोव्ह सावलीत नेऊन ठेवला. दुसरी गाडी दुपारी येणार होती.

रस्त्यालगतच्या घरातून एका गृहस्थांनी आम्हाला ओटीवर बोलावलं. बाळारामभाऊ त्यांचं नाव. आगरी घराणं, वाडवडिलांपासून थोडी भातशेती आणि मिठागरात वाटा. उंच, काळेसावळे, पन्नाशीचे. पाहुणी कुठून आली, कशाला आली, हे विचारण्याआधी त्यांनी पाणी दिलं आणि मग दोन्ही विचारलं. मी सविस्तर सांगितलं. पुस्तिका दाखवली. त्यांनी ती उलटी-सुलटी करून पाहिली, चेहरा अगदी गंभीर ठेवला आणि म्हणाले, "बरं हाय. मंग आमाला मीठ कसं खायचं ते शिकवाया कवा येनार?"

मी म्हटलं, तसा काही कार्यक्रम सध्या विभागापुढे नाही. सावंत दुसरीकडे बघत होते. त्यांचे खांदे हलत होते.

बाळारामभाऊंच्या मंडळींनी आम्हाला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या, आणि वांगं-बटाटा घालून केलेलं सुक्या करदीचं (लहान कोलंबीचं) दाटसर कालवण. मी खात नाही म्हटल्यावर त्यांना वाईट वाटलं, पण राग आला नाही. त्यांनी कालवणातलं वांगं आणि बटाटा वेचून माझ्या भाकरीवर ठेवला. त्यांच्या दृष्टीने आता ते शाकाहारी झालं होतं. मी सावंतांकडे पाहिलं. ते मदतीला आले नाहीत. मी डोळे मिटून एक घास घेतला, आणि मग, पुस्तिकेच्या अनुवादिकेला शोभणार नाही अशा वेगाने, दुसरा आणि तिसरा घेतला. बाळारामभाऊंनी विचारलं की यातलं पुस्तकात कायकाय हाय. मी खरं ते सांगितलं की यातलं काहीच नाही.

तारोडीला पोचेपर्यंत उन्हं कलायला लागली होती. आधी वास आला, मग गाव दिसलं. घरांच्या मधून समुद्राचा एक तुकडा, बांबूच्या मांडवांवर (इथे त्याला वलांडी म्हणतात) जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील, आणि खाली किनाऱ्याच्या वाळूवर गुलाबी चादर पसरावी तसा जवळा. जवळा म्हणजे तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठी, कागदासारखी हलकी सुकी कोलंबी. बायका अनवाणी, वाकून, खराट्याने तो उलथत होत्या. आम्हाला बघताच त्यांनी खराटे टाकले आणि सगळ्या शाळेच्या पडवीकडे निघाल्या. इतकी उत्सुकता मी पुण्याच्या वर्गातही पाहिली नव्हती.

गाव ख्रिस्ती कोळ्यांचं. तीसेक बायका जमल्या. पुढाकार एका साठीच्या बाईंकडे होता. सगळे त्यांना फिलूमावशी म्हणत. ठेंगण्या, रुंद हाडाच्या, गळ्यात क्रूस. त्या मला टीचर म्हणाल्या आणि मागच्या बायकांना गप्प बसवून पहिल्या रांगेत बसल्या.

मी मलायी पद्धतीचा पदार्थ निवडला होता. पुस्तिकेत लिहिलं होतं की बारीक सुकी मासळी तासभर पाण्यात भिजत घालावी. मी भाषणाच्या आधी जवळा भिजत घातला आणि प्रथिनं, कॅल्शियम, लोह यांवर तासभर बोलले. मी जवळा पाण्यात टाकला तेव्हा पहिल्या रांगेत थोडी चुळबुळ झाली. फिलूमावशींनी मागे वळून पाहिलं आणि ती थांबली. मूळ इंग्रजी कागदावर बोटाएवढा कडक मासा होता, हे मला फार नंतर कळलं. तासाभराने पातेल्यात जवळा नव्हता, राखाडी लापशी होती. तळाशी वाळू बसली होती. मी ती लापशी टोमॅटो आणि साखर घालून शेंगदाण्याच्या तेलात परतली. स्टोव्ह भडकला, लापशी खाली लागली, आणि माझ्या तोंडून मात्र 'आता मंद आचेवर' हे पुस्तिकेतलं वाक्य खड्या आवाजात बाहेर पडत राहिलं.

प्रत्येकीला एकेक चमचा दिला. एकही बाई हसली नाही. प्रत्येकीने तो तोंडात घातला, चावला, चावताना वाळूचा आवाज आला, गिळला आणि म्हणाली, चांगला हाय. मग एकेक जण पुढे येऊन कागदावर अंगठा उमटवून गेली. मी अहवालाची पहिली ओळ मनात तयार केली: उपस्थित महिलांनी पदार्थाचे एकमुखाने स्वागत केले.

बाकीच्या गेल्यावर फिलूमावशी भांडी घासायला थांबल्या. राखेने पातेलं घासता घासता त्यांनी सहज विचारलं, "टीचर, आता ओटा कवा येनार?"

कसला ओटा, मी विचारलं.

तेव्हा सगळं बाहेर आलं. जवळा वाळूत सुकतो, त्याला वाळू लागते. वाळू लागलेला जवळा व्यापारी खाण्याजोगा मानतच नाही, खताच्या भावाने मागतो. तीन वर्षांपूर्वी गावाने सिमेंटच्या ओट्यासाठी अर्ज केला होता. मागच्या साली एक साहेब येऊन टेप लावून किनारा मोजूनही गेला. जाताना म्हणाला की आमच्या बाई येतील, त्या शिकवतील ते नीट शिका, अंगठे द्या, मग ओटा येईल. त्यासाठी आज या बायकांनी ऊन असतानाच हातचं काम टाकलं होतं. त्यासाठी ती लापशी गिळली होती.

तारोडीची फाईल माझ्याच टेबलावर असे. तिच्यात दोन कागद होते. एक माझ्या प्रवासभत्त्याचा आणि एक स्टोव्हच्या खरेदीचा. अर्ज नव्हता, मोजमाप नव्हतं, ओटा हा शब्दही नव्हता. मला गप्प राहता आलं असतं. सहाची एसटी होती, अंगठे पिशवीत होते आणि नोकरी जवळजवळ कायम झाली होती. मी पिशवीचा बंद बांधलाही. पण फिलूमावशी माझ्याकडे बघत नव्हत्या, पातेल्याच्या तळाशी करपलेलं नखाने खरवडत होत्या, आणि ते माझं करपवलेलं होतं. मी त्यांना सांगितलं की असा ओटा आमच्या कुठल्याच कागदावर नाही.

त्यांनी पातेलं विसळून उपडं घातलं, उठल्या आणि म्हणाल्या, "तुमी जेवल्या न्हाय. चला."

त्यांच्या घरात चूल पेटली. त्यांनी जवळा सुपात पाखडला, मूठमूठ घेऊन पाण्यातून काढला, म्हणजे आत घातला आणि लगेच वर, आणि घट्ट पिळला. कांदा, हिरवी मिरची, त्यांच्या घरचा बाटलीत भरलेला मसाला, हळद. कांदा मऊ झाल्यावर जवळा आणि कैरीच्या फोडी. पाण्याचा थेंब नाही. माझ्या भाषणाला लागला त्याहून कमी वेळात ते झालं. मी खाल्लं. आधी कुरकुरीत, मग आंबट, मग तिखट, आणि सगळ्याच्या मागे समुद्र. दातांखाली वाळूचे दोन कण आले. फिलूमावशी म्हणाल्या की कितीही पाखडला तरी एवढे ऱ्हातातच, त्याला आमी काय करनार.

तोवर बातमी दारोदार पोचली होती. बायका पुन्हा अंगणात जमल्या. मी उभी राहून सगळं परत सांगितलं. ओरडलं कुणी नाही. एक तरुण सून, आग्नेस नावाची, पुढे आली. मघाशी तिनेच चमचा तोंडात घालताना डोळे मिटून घेतलेले मी पाहिले होते. ती म्हणाली, "मग आमचे आंगठे परत द्या."

कागद माझ्या पिशवीत होता. तीस अंगठे, निळ्या शाईचे. माझ्या वीस महिन्यांच्या हंगामी नोकरीत मी मिळवलेला तो एकमेव पुरावा होता. मी सावंतांकडे पाहिलं. ते शिपाई होते, अशा वेळी त्यांनी काय करायचं हे नियमात नव्हतं. ते हळूच म्हणाले, "द्या बाई." मी कागद काढला आणि आग्नेसच्या हातात दिला. तिने तो फाडला नाही. घडी घालून पदरात बांधला.

मग फिलूमावशी बोलल्या. अंगणात बसल्या बसल्या, सुपातला जवळा निवडत, जणू बाजारातली गोष्ट सांगावी तशा. "तुमचा पदार्थ वंगाल लागला. ह्ये खरं हाय ना? मंग तसंच लिवा. पन लिवा की वालूमुलं लागला."

मला समजायला थोडा वेळ लागला. सावंतांना लगेच समजलं. पुस्तिका चुकली असं लिहिलं तर साहेब तो कागद फेकून देतील. पण पुस्तिका उत्तम आहे, मलायी पदार्थ उत्तम आहे, फक्त वाळूत सुकवलेल्या मासळीने त्याचा विचका होतो आणि सिमेंटच्या ओट्याशिवाय विभागाचे एकवीसच्या एकवीस पदार्थ या किनाऱ्यावर अशक्य आहेत, असं लिहिलं, तर साहेबांनाच ओटा मागावा लागेल. स्वतःच्या पुस्तिकेसाठी.

मी तिथेच गुडघ्यावर वही ठेवून ते लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. सरकारी मराठी ऐकून बायका पहिल्यांदा हसल्या. लापशीपेक्षा त्यांना ती जास्त मजेशीर वाटली. आग्नेसने दोनदा वाचायला लावलं, खाली आणखी काही भलतंच लिहिलेलं नाही याची खात्री केली, आणि मग सगळ्यांनी अंगठे दिले. सहाची एसटी तोवर गेली होती. मी त्या रात्री फिलूमावशींकडे राहिले. सकाळी निघताना त्यांनी जवळ्याची एक पुडी माझ्या हातात ठेवली आणि बजावलं की भिजवू नका.

परतल्यावर काय झालं ते थोडक्यात सांगते. साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. पहिल्यांदा लाल झाले, दुसऱ्यांदा खुलले. पुस्तिका निर्दोष असल्याचा तो पहिलाच लेखी पुरावा होता. त्यांनी ओट्याचा प्रस्ताव स्वतःच्या सहीने वर पाठवला. माझ्या नावापुढे मात्र 'प्रात्यक्षिक अयशस्वी' असा शेरा पडला आणि पावसाळ्याआधी माझी नेमणूक संपली. मी पुन्हा शाळेत शिकवू लागले. दोन वर्षांनी सावंतांचं पत्र आलं की तारोडीत ओटा झाला, मागितला होता त्याच्या निम्मा, आणि त्यावर विभागाच्या नावाची फरशी ओट्याच्याही आधी बसवली. बायकांनी जवळा सुकवायच्या पाळ्या लावून घेतल्या होत्या. पहिली पाळी आग्नेसच्या घराची होती.

पण मी पुण्यात परतले तो दिवस मला जास्त आठवतो. मी आणि आई दोघीच राहत होतो. पुडी कुठे ठेवावी ते सुचेना, म्हणून मागच्या सज्जात डब्याखाली झाकून ठेवली आणि मनाशी म्हटलं की एवढ्या लांबून केवढी अपूर्वाई आणली. संध्याकाळी गजराबाई भांडी घासायला आल्या. बारा वर्षं त्या आमच्याकडे कामाला होत्या. सज्जात पाय टाकताच थांबल्या आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "बाई, जवळा आनलाय व्हय?"

मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं.

त्या म्हणाल्या की त्यांच्या वाडीत रोजच असतो. मंगळवारच्या बाजारात सुकट, बोंबील मिळतात, आपल्या गल्लीपासून चार वळणांवर. सुकट लसूण, तिखट आणि शेंगदाण्याचं कूट घालून परतायची, ज्वारीच्या भाकरीबरोबर खायची. सकाळी तेच खाऊन त्या कामाला निघत. "तुमच्याकडं येताना चिंचेनं हात घासून येते," त्या म्हणाल्या. "तुमाला वास लागू नये."

आई आत होती. तिने ऐकलं असावं, कारण आतला भांड्यांचा आवाज थांबला. बारा वर्षं या बाईंनी रोज हात घासले होते, आणि मी जपानी लोक काय खातात ते छापत बसले होते. मी वही आणायला उठले. सवय, दुसरं काय. गजराबाई म्हणाल्या, "लिवू नका. उद्या आनते, खाऊन बगा."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा पदराआड एक लहान डबा होता. तो त्यांनी उंबऱ्याच्या बाहेर ठेवला, चपला ठेवाव्यात तसा, आणि भांड्यांकडे गेल्या. मी उठायच्या आत आई उठली. तिने डबा उचलला, आत आणला, आणि तीन ताटल्या मांडल्या.